एका माणसापुरतं गरम पाणी

जॅनिस आणि रॉडनी क्रॉसली यांचा संसार मोडून दीड वर्ष झालं होतं, पण घर काही मोडता येत नव्हतं. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चढावरचं ते दगडी घर दोघांच्या नावावर होतं. विकायचा विषय निघाला की रॉडनी आढेवेढे घ्यायचा, आणि त्याचा हिस्सा देऊन त्याला वाटेला लावायची ऐपत जॅनिसची नव्हती. शेवटी ती वरच्या खोलीत आणि तो खाली बैठकीत, सोफ्यावर. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, तो बस डेपोत. दोघांनाही पहाटेच बाहेर पडायचं. वरच्या न्हाणीघरात ती आंघोळ करायची. रॉडनीच्या आईसाठी कधीकाळी जिन्याखाली शॉवर बसवला होता, तिथं तो. अबोला असा मुरला होता की दूध संपलं तरी कुणी कुणाला सांगत नसे.

ऐन जानेवारीत घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरनं मान टाकली. चार दिवस दोघं कोट घालून, किटलीत पाणी तापवून कसेबसे निभावले. मग जॅनिसनं वसीमला बोलावलं. आजूबाजूच्या निम्म्या घरांतले बॉयलर त्यानेच बसवलेले.

त्यानं घर वरखाली पाहिलं, स्वयंपाकघरातला नळ सोडून खाली बादली धरली आणि धार बघून नाक मुरडलं.

"बरं मिसेस क्रॉसली, घरात राहणार किती जण?"

"एक," जॅनिस म्हणाली.

"एक," दारात उभा असलेला रॉडनीही म्हणाला.

वसीमची नजर दाराजवळच्या दोन जोडी बुटांवर गेली. "एक म्हणजे... कोण?"

"हा जाणार आहे उन्हाळ्यापर्यंत."

"मी कुठं जातोय? हीच जाणार आहे बहिणीकडे."

"माझ्या बहिणीचं नाव काढू नकोस!"

"अहो, मी पाणी तापवणारा माणूस," वसीम हात वर करून म्हणाला. "कोर्टातला नव्हे. सरळ सांगतो. एकच माणूस असेल तर कॉम्बी घ्या. नळ सोडला की तेवढंच पाणी तापवतो, टाकीची भानगड नाही. पण दोन शॉवर एकदम चालू झाले तर दोघांच्याही वाट्याला कोमट धार. त्यात तुमच्या चढावर पाण्याला जोर नाही. दोघं असाल तर टाकीवालाच बरा. पाणी तापून भरलेलं राहतं, दोघांना पुरतं."

त्याचं म्हणणं जॅनिसला शंभर टक्के पटलं होतं. 'दोघं आहोत' एवढंच म्हणायचं होतं. पण नव्या बॉयलरला दहा वर्षांची हमी असते, हे त्यानं मघाशीच सांगितलं होतं. त्या दोन शब्दांनी आपण इथली दहा वर्षं स्वतःच्या तोंडानं कबूल करू, असं तिला वाटलं. तिनं रॉडनीकडे पाहिलं. तोही ओठ घट्ट मिटून उभा होता.

"कॉम्बी," ती म्हणाली.

"कॉम्बीच," तो म्हणाला. दीड वर्षात त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

वसीमनं खांदे उडवले. दोन दिवसांत जुनी तांब्याची टाकी वरच्या मजल्यावरच्या कपाटातून निघून जिन्यावरून खाली गेली. तिच्या उबेवर जॅनिस टॉवेल वाळवायची. आता ते कपाट नुसतं गार पडलं.

सोमवारी पहाटे डोक्याला साबण लावलेला असताना तिच्या अंगावर बर्फासारखं पाणी आलं.

"रॉडनी! बंद कर!"

"तूच बंद कर! मला सहाची पाळी आहे!"

मंगळवारी तेच. बुधवारी तिनं मुद्दामच त्याच्या आधी नळ सोडला आणि खालून येणाऱ्या शिव्या ऐकत उभी राहिली. त्यात काही सुख मिळालं नाही; धार तिचीही बारीकच होती.

गुरुवारी संध्याकाळी तिनं बैठकीचं दार वाजवलं. रॉडनी नुसत्या बनियनवर सोफ्यावर बसून सॉसेज आणि बीन्स खात होता. घडी घातलेलं पांघरूण बाजूला होतं. इतक्या जवळून तिनं त्याला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मान बारीक झाली होती.

"हे असं नाही चालायचं," ती म्हणाली.

"तू आधी घे. मी थांबतो."

"तुला लवकर जायचं असतं. तूच घे आधी."

त्यानं काटा ताटलीत ठेवला. "त्याला दोघं म्हणून सांगायला हवं होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी जाऊ तरी कुठं, जॅन?"

इतके दिवस तो अडवून बसलाय म्हणून ती त्याच्यावर चिडत होती, आणि त्या चिडण्यावरच तिचे दिवस निघत होते. आता तोही आधार गेला. याला कुठंच जागा नाही, हे कळल्यावर याला घराबाहेर काढायचं कसं? ती दार ओढून घेऊन वर गेली.

दुसऱ्या दिवसापासून, त्याची आंघोळ उरकली की लगेच आपली व्हावी म्हणून, ती नेहमीपेक्षा लवकर उठू लागली. अजूनही उठते. गाऊन गुंडाळून, टॉवेल खांद्यावर टाकून ती अंधारात जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते. खालून रॉडनीच्या शॉवरचा आवाज येत असतो. तो बंद व्हायची ती वाट बघते.