कपाटातला मीटर

मोजमाप शिकवणाऱ्या माणसांकडे किस्से कसे काय साठतात, हे मला अजून कळलेलं नाही. साहित्याच्या प्राध्यापकांकडे साठले तर समजू शकतो, त्यांना बोलायची सवयच असते. आम्ही फिजिक्सवाले. पण धरमपेठेत आमची जुनी मंडळी चहाला जमली की पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतोच, "बोकरे सरांचं कपाट आठवते का गा?" मग दुसरा कप होतो, तिसरा होतो, घरून बोलावणं येतं, तरी आम्ही आपले लॅबमध्येच!

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरातल्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथं अजून पोरं शिकतात.

बोकरे सर आमचे हेड. माणूस सज्जन, शिकवायचेही छान. पण त्यांचं एक तत्त्व होतं. "वस्तू वापरली की खराब होते." त्यामुळे लॅबसाठी जे जे नवं यायचं ते सगळं काचेच्या दाराच्या एका कपाटात जायचं आणि कपाटाची किल्ली सरांच्या कमरेच्या करगोट्याला. पोरांना वापरायला जुनं सामान. जुनं म्हणजे किती जुनं? आमच्या स्टॉपवॉचला टेबलावर ठोकल्याशिवाय जाग यायची नाही, आणि एकदा जाग आली की ते असं पळायचं की जणू त्याची गाडी चुकते आहे!

एकदा नवं व्हर्निअर आलं. चकचकीत, मखमलीच्या पेटीत. सरांनी अख्खी फर्स्ट इयरची बॅच कपाटासमोर रांगेत उभी केली आणि एकेकाला काचेतून दर्शन घडवलं. "नीट पाहून घ्या. हे व्हर्निअर. यानं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येते."

एका पोरानं विचारलं, "सर, मोजून पाहू का?"

सर दचकले. "मोजाचं काय त्यात? कंपनीनं मोजूनच पाठवलं आहे!"

*

आता आमचा लॅब अटेंडंट लक्ष्मण. लॅबमध्ये त्याची इतकी वर्षं गेली होती की प्रत्येक प्रयोगाचं उत्तर त्याला पाठ. पोरगं दारातून आत आलं की लक्ष्मण स्टुलावर बसल्या बसल्या विचारायचा, "कोणता आला तुले? पेंडुलम? नऊशे ऐंशी. जा, लिही."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पेंडुलमचा प्रयोग म्हणजे दोऱ्याला पितळी गोळी टांगायची, दोऱ्याची लांबी मोजायची, गोळीला झोके द्यायचे, झोक्यांचा वेळ मोजायचा. त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते काढायचं. पुस्तकातलं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास. आमच्या लॅबमध्ये ते सगळ्यांचं, दरवर्षी, आसपास नव्हे, बरोब्बर यायचं. पोरं आधी उत्तर लिहायची आणि मग खालून वर हिशेब करत वेळ आणि लांबी बसवायची. गोळी बिचारी खुंटीलाच.

एका नव्या पोरानं लक्ष्मणला विचारलं, "आणि रीडिंग कोणतं लिहू?"

लक्ष्मण चिडला. "उत्तर मी देऊन राहिलो, आता रीडिंगही मीच देऊ काय? मग तू कायले शिकून राहिला?"

*

या सुखी संसारात पुष्पा मेश्राम आली.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील रेल्वेत खलाशी. छप्पन साली दीक्षाभूमीवर जाऊन आले ते ठरवूनच, की पोरी शिकतील. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिली. तिला एम.एस्सी. करायचं होतं आणि प्रवेशाची सगळी भिस्त प्रॅक्टिकलच्या मार्कांवर. थिअरीत ती वरच्या नंबरांत होती. प्रॅक्टिकलमध्ये गोची अशी, की ती प्रयोग करायची!

खरंच करायची. दोरा बांधायची, गोळी सोडायची, झोके मोजायची, आणि तिचं उत्तर यायचं नऊशे पंधरा. पुन्हा करायची, पुन्हा नऊशे पंधरा.

लक्ष्मण समजावून थकला. "अवं बाई, नऊशे ऐंशी लिही नं. सारे लिहून राहिले. तुयीच पृथ्वी काहून वेगळी?"

"येतच नाही तर कसं लिहू, भाऊ? ते घड्याळच पळते. कपाटातलं नवं मिळालं तर बरोबर येईल."

कपाटातलं नवं! लक्ष्मण हळूच उठून बाहेर निघून गेला.

पुष्पा थेट सरांकडे गेली. सर रागावले नाहीत. मायेनंच म्हणाले, "बेटा, तू पास होऊन जाशील. घड्याळाला अजून पुष्कळ वर्षं काढायची आहेत." मला त्या दिवशी सरांचा खरा राग आला. पण माझी नोकरी टेंपररी, त्यामुळे तो राग मी स्टाफरूममध्ये जाऊन चहाबरोबर गिळला.

*

फिजिकल बॅलन्स म्हणजे काचेच्या पेटीतला नाजूक तराजू. त्याच्या वजनांच्या डबीतलं दोन ग्रॅमचं वजन केव्हाचं हरवलेलं. नवी डबी होती, पण ती कुठं होती ते सांगायला नको. लक्ष्मणनं त्यावर तोड काढली होती. सुपारीचं खांड दोन ग्रॅमला कापून डबीतल्या खाचेत बसवलं होतं. पोरं जर्नलमध्ये सरळ 'दोन ग्रॅम' लिहायची. पावसाळ्यात ते थोडं जड व्हायचं, उन्हाळ्यात हलकं, पण तक्रार कुणाची नाही.

एके दिवशी पोरं वजन करायला बसली, तर खाच रिकामी. मी ओरडलो, "लक्ष्मण! दोन ग्रॅम कुठं आहेत?"

लक्ष्मण दारात उभा. तोंड बंद, गाल हलतोय. त्यानं हातानंच 'थांबा' अशी खूण केली, बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "रागावू नका, सर. जेवणानंतर ध्यानातच राह्यलं नाही. पाच मिनिटांत नवीन कापून देतो!"

*

जर्नलच्या पहिल्या पानावर 'खोलीचं तापमान' लिहायचं असतं. आमच्याकडे ते सत्तावीस. जानेवारीतही सत्तावीस, एप्रिलमध्येही सत्तावीस, कारण पुस्तकातल्या नमुन्यात सत्तावीस होतं.

तुम्ही नागपूरचा एप्रिल पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. वजन करताना पंखाही बंद ठेवावा लागायचा, तराजू हलतो म्हणून. पोरं डोक्याला ओले पंचे गुंडाळून लिहायची, 'खोलीचं तापमान सत्तावीस'. पुष्पानं थर्मामीटर पाहिला आणि बेचाळीस लिहिलं. सरांनी लाल रेघ मारली.

"सर, बेचाळीसच आहे," मी धीर करून म्हणालो. सरांच्या कपाळावरून घाम त्या जर्नलवरच टपकत होता.

सर रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "असेल. पण बेचाळीस लिहिलं तर परीक्षकाला वाटेल, आपल्या कॉलेजात सोय नाही!"

*

त्याच वर्षी नवं मीटर स्केल आलं. जुन्याचं शून्याकडचं टोक झिजून झिजून पार गोल झालं होतं. माझा सहकारी ठाकरे, नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेतला गडी, तो तर स्केलला हातच लावायचा नाही, वितीनं मोजायचा. "माही वीत पक्की आहे, सर. तुमचा मीटर दर साली बारीक होऊन राहिला!"

तर नवं स्केल आलं. सागवानी, पितळी टोकांचं, खाकी कागदात गुंडाळलेलं. सर स्वतः ते कपाटात ठेवायला गेले आणि अडले. स्केल एक मीटर, कपाटाचा खण त्याहून आखूड.

ठाकरे म्हणाला, "तिरपं ठेवा नं, सर. बसते."

"तिरपं? वाकून जाईल ते! मीटर वाकला म्हणजे झालं मग शिक्षण."

"मग बाहेर राहू द्या. पोरं वापरतील."

सरांनी ठाकरेकडे असं पाहिलं की तो उगीच खिडकी लावायला गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्केल कपाटात, खाकी कागदासकट, अगदी सरळ बसलेलं. कपाटाला कुलूप. कसं बसलं ते कुणी विचारलं नाही. सरांच्या कपाटाबद्दल विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

*

आणि मग युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचे परीक्षक अमरावतीहून आलेले. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. पुष्पाला चिठ्ठी निघाली ती नेमकी पेंडुलमची.

परीक्षक उत्तरं पाहत निघाले. नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी. पुष्पाजवळ आले. नऊशे पंधरा.

"सगळ्यांचं बरोबर येतं, तुमचंच का येत नाही?"

लक्ष्मणनं मागून डोळ्यांनी खुणावलं, 'खोड, अजूनही खोड!' पुष्पाचा चेहरा उतरला होता, पण आवाज पडला नव्हता. "सर, घड्याळ पळून राहिलं आहे. तुमच्या घड्याळाशी लावून पाहा."

परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पुष्पानं टेबलावर ठोकून चालू केलेलं स्टॉपवॉच घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहत राहिले. मिनिटभरात त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते वळले आणि उरलेल्या बॅचकडे पाहिलं. सगळ्यांकडे हेच एक घड्याळ आळीपाळीनं गेलेलं! पोरांनी माना खाली घातल्या.

"बोकरे, या घड्याळावर नऊशे ऐंशी येतंच कसं?"

सर ताठ झाले. "आमच्याकडे नवं सामान आहे, सर. एकदम नवं! कुणी हात लावला नाही."

"काढा. या मुलीला नव्यावर करू द्या. बरोबर आलं तर मार्क पूर्ण. नाही आलं तर प्रॅक्टिकलमध्ये नापास."

सरांचा हात करगोट्याकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. कपाट उघडलं. खोक्यातून नवं स्टॉपवॉच निघालं. खाकी कागदातून स्केल निघालं. पुष्पानं ते हातात घेतलं, टोक पाहिलं, उलटवून दुसरं टोक पाहिलं.

"सर, हे सातपासून सुरू होते."

खरंच! एका टोकाला शंभर, दुसऱ्या टोकाला सात. करवतीनं सफाईदार कापलेलं, वर पॉलिशही मारलेलं.

पुष्पानं क्षणभर विचार केला, दोरा बांधला, लांबी मोजली, त्यातून सात वजा केले आणि गोळी सोडली. आम्ही सगळे त्या गोळीबरोबर डावीकडे उजवीकडे पाहत होतो. लक्ष्मण ओठांतल्या ओठांत झोके मोजत होता. पुष्पानं कागदावर गणित मांडलं, पुन्हा तपासलं आणि कागद पुढे केला.

नऊशे अठ्ठ्याहत्तर.

"पूर्ण मार्क," परीक्षक म्हणाले आणि तिथंच उभ्यानं सही केली. पुष्पा स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. मला सांगायला लाज नाही, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या लॅबमध्ये कुणीतरी खरोखर मोजून काढलेलं बरोबर उत्तर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग परीक्षकांनी ते स्केल उचललं आणि सरांसमोर धरलं. "बोकरे, हा काय प्रकार आहे? यातले सात सेंटीमीटर कुठं गेले?"

आम्हाला वाटलं, आता सर खाली मान घालतील. पण सरांना तो प्रश्नच अपमान वाटला. ते कपाटाशी गेले, वरच्या खणातून एक छोटी खाकी पुडी काढली, हळूच सोडली आणि पितळी टोकाचा तो तुकडा परीक्षकांच्या तळहातावर ठेवला.

"कुठं जातील, सर? शंभर सेंटीमीटर आले होते, शंभर सेंटीमीटर आहेत. मोजून घ्या!"