इंदूमावशीचं ‘अवेलेबल’

दत्ताकाकांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या जिन्यात होते. “नीला, वहिनी गेल्या,” एवढंच ते म्हणाले. वहिनी म्हणजे माझी इंदूमावशी, लवळ्याची. दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही... दत्ताकाका तिचे धाकटे दीर. एके काळी या दोघांचं बोलणं बंद होतं. ते एका इंग्रजी शब्दावरून बंद पडलं होतं, आणि तो शब्द मावशीला मी शिकवला होता.

लवळ्यात कॉलेजं आली तशा घरोघरी भाड्याच्या खोल्या निघाल्या. यजमान गेल्यानंतर मावशीनंही घराच्या मागच्या अंगाला मुलींसाठी खोल्या बांधल्या. रंगाऱ्यानं रस्त्याकडच्या भिंतीवर इंग्रजीत ‘रूम अवेलेबल’ असं ठसठशीत रंगवलं. मावशी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची, अर्थापाशी अडायची. मी सुट्टीत गेले होते. “रूम कळलं. ह्ये दुसरं काय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “म्हणजे मिळेल.” ती भिंतीकडे बघत राहिली. “मिळंल म्हंजे? मागितली की द्यायलाच पायजे का?” मी इंग्रजीच शिकवते, पण वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, “तसं नाही. खोली रिकामी आहे आणि तुला ती द्यायची आहे, म्हणून अवेलेबल.” “म्हंजे रिकामीबी पायजे आन् आपली मर्जीबी पायजे,” ती म्हणाली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. एवढा नेमका अर्थ मला सांगता आला नसता.

मग तो शब्द तिनं घरभर वापरला. मुली चहा मागायला आल्या की “दूध अवेलेबल न्हाई, कोरा घ्या.” मी फोन केला की “बोल, मी अवेलेबल हाय.” एकदा तिनं विचारलं, माणसालाही हा शब्द चालतो का? मी सांगितलं, चालतो. ज्याला वेळ आहे आणि भेटायची तयारी आहे, तो अवेलेबल. “तितंबी मर्जी आलीच की,” ती हसली. खोल्यांतल्या मुली तिचं बोलणं ऐकून आधी हसायच्या, मग त्याही तिच्यासारखंच बोलायला लागल्या.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. मावशीच्या डोंगराकडच्या जमिनीत कातकऱ्यांची एक वाडी आहे. सातबाऱ्यावर नावं मावशीच्या घरच्यांची, पण ती घरं तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनची. वाडीतली सुमन मावशीच्या बरोबरीनं भात लावायची, पावसाळ्यात रानभाजी आणून द्यायची. एका सकाळी मावशी आणि मी वाडीकडे निघालो, तर वाटेच्या तोंडाशी नवाकोरा पत्र्याचा बोर्ड. मावशी त्याच्यापुढे उभी राहिली आणि बोट फिरवत अक्षरं लावत गेली. लँड... अवेलेबल. मग तिनं वर वाडीकडे पाहिलं. सुमनच्या छपरातून धूर निघत होता. “ही रिकामी हाय व्हय?” ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. तशीच ती परत फिरली.

दत्ताकाका ओसरीवर पेपर वाचत होते. एजंटाशी त्यांचं बोलणं झालं होतं. मावशीची सही तेवढी राहिली होती. काका वाईट नव्हेत, पण आजूबाजूला सगळेच विकत होते आणि आपण मागे पडलो असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. “वहिनी, त्यांना दुसरीकडं जागा देऊ की.” “दुसरीकडं म्हंजे कुटं?” काकांनी पेपराचं पान उलटलं. “भावजी, जमीन कागदाला आपली हाय, पर रिकामी न्हाई. आन् माजी मर्जी न्हाई. दोन्हीतलं येकबी न्हाई, मग अवेलेबल कशी?” आवाज चढला नव्हता. दत्ताकाका पेपर ठेवून उठून गेले. बोलणं थांबलं ते तेव्हा. एकाच अंगणात दोन चुली आणि मध्ये ती शांतता... मावशीला त्याचा फार त्रास व्हायचा. दिवाळीचा फराळ ती त्यांच्या दारात ठेवून यायची आणि न बोलता परतायची. पण सही तिनं दिली नाही.

उलट ती सुमनला घेऊन पौडच्या सरकारी कचेरीत जाऊ लागली. वाडीखालची जमीन वाडीतल्या घरांच्या नावावर करून द्यायची, असं तिनं मनाशी घेतलं होतं. एकदा मीही बरोबर होते. टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, “साहेब अवेलेबल नाहीत.” मावशीनं पिशवी मांडीवर घेतली. “बरं. आमी हाय. बसतो.” आणि बसली. असं ती किती वेळा बसली कुणास ठाऊक. वाडीच्या मोजणीचा दिवस येईपर्यंत तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. त्या दिवशी डोंगर चढणं तिला जमेना. तेव्हा तिच्या फेऱ्या अंगणापलीकडून बघत आलेले दत्ताकाका आपणहून पुढे आले. “वहिनी, हात द्या,” म्हणाले. त्यांनीच तिला वर नेलं, आणि मोजणीदारापुढे हद्दही त्यांनीच दाखवली. पुढे कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. एजंटानं आपला बोर्ड कधी काढून नेला, ते आम्हाला कळलंही नाही.

मावशी गेल्यावर परवा मी वाडीवर गेले होते. काही घरांच्या भिंती आता विटांच्या झाल्यात, सुमनच्या दारावर विजेचा मीटर आहे. दारापुढे हिरड्याच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. सुमननं तो पदरानं पुसला. “त्या चढून आल्या की हितं दम खायच्या. बसा.” मला बसवेना. ती म्हणाली, “बसा वो. त्यांनी कुनाला उबं ठेवलं न्हाई कदी.” मग मी बसले. दगड उन्हानं कोमट झाला होता. सुमन चहा टाकायला आत गेली...