जमिनीखालचं स्टेशन आणि मलप्पामामांची हीर

जमीन खोदली की माती निघते आणि ट्रकमध्ये भरून निघूनही जाते. किस्से मात्र जात नाहीत, साचत राहतात. पुण्यात मेट्रोचं जमिनीखालचं स्टेशन खोदत होते तेव्हा मी तिथं सर्व्हेअर होतो. मूळचा लातूरचा, म्हणून लातूर-नांदेडकडच्या गँगची सगळी भानगड साहेब माझ्या गळ्यात मारायचे.

ही गँग विहिरी खोदणाऱ्यांची. त्या साली आमच्याकडं दुष्काळ, गावोगाव टँकर. इकडं स्टेशनच्या एका कोपऱ्यावर जुनी इमारत होती, तिला हादरे नकोत म्हणून मशीन लावता येत नव्हतं. हातानं खोल खणणारी माणसं पाहिजे होती. त्यांचे मुकादम मलप्पामामा, उदगीरजवळचे, साठीला टेकलेले. अख्ख्या पंचक्रोशीला पाणी काढून दिलेला माणूस, आणि त्यांच्याच शेतातली विहीर कोरडी पडलेली. मुलगा ती आणखी खाली नेत होता. मामा कामावरून सुटले की रोज घरी फोन लावायचे. रामराम नाही, काही नाही, एकच प्रश्न.

"लागलं का?"

पलीकडून "न्हाई" आलं की फोन बंद.

*

पहिल्या दिवशी गेटवर वॉचमननं रजिस्टर उघडून विचारलं, जिल्हा कोणता?

"कोन्च्या सालचा सांगू?" मामा म्हणाले. "जल्मलो तवा उस्मानाबाद, लगीन झालं तवा लातूर. आता उदगीर करनार म्हनून राहिले. गाव हाय तिथंच हाय."

वॉचमननं तिन्ही लिहून टाकले.

*

गँगमधला भीमराव नांदेडकडल्या भोकरचा. कॅम्पवर चोवीस तास नळ, तरी हा पठ्ठ्या घमेल्यात उभा राहून अंघोळ करायचा आणि त्याच पाण्यात कपडे धुवायचा. मी म्हणालो, अरे बाबा, इथं कशाला? तर म्हणे, सवय मोडली की गावाकडं गेल्यावर लई जड जातंय.

*

एकदा डिझाइनवाल्या मॅडम स्टेशनचं मॉडेल घेऊन आल्या. सात-आठ मजले खोल, चारी बाजूंनी उतरत जाणारे जिने, वरून खालपर्यंत उजेड. मॅडमनी हौसेनं सगळं समजावलं. मामा चारी बाजूंनी फिरून बघत होते.

"पायऱ्यांची बारव झकास हाय, ताई," ते म्हणाले. "पर पानी कुठं दावलंय?"



*

पाणी नंतर आलं. कोपऱ्यातल्या भिंतीच्या बुडाशी ओल दिसली, मग बारीक धार. नियम असा की काम थांबवायचं आणि साहेबांना कळवायचं. पण विहिरीत झरा दिसला की गडी काय करतो? मोकळा करतो! मामांनी पहार घातली, करंगळीएवढी धार मनगटाएवढी केली, नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. साहेब धावत आले तर त्यांच्याही हातावर तुकडा ठेवला.

साहेब तापले. इथं पाणी बंद करायचं असतं, एवढंही कळत नाही का, म्हणाले.

मामा ओशाळले. "साहेब, जल्मभर पानी काढलं. बंद कसं करत्यात ते कुनी शिकवलंच न्हाई."

साहेबांनी हातातलं खोबरं तोंडात टाकलं. मग पंप लावून ते पाणी गटारात सोडलं. गँग काठावर बसून बघत होती. त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. मलाही बघवत नव्हतं, खरं सांगतो.

*

चार दिवसांनी सिमेंट दाबून झरा बुजवायचं ठरलं. मामांनी साहेबांकडं पाच मिनिटं मागून घेतली, झऱ्याच्या पाण्यानं एक बाटली भरली आणि रजा टाकून गावी गेले.

परत आले ते फोन बंद करूनच. आठवडा झाला, मामा घरी फोन लावीनात. गँगमध्ये विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी मीच विचारलं, मामा, लागलं का?

मामा तंबाखू मळत होते.

"बाटली हिरीत वतून आलोय," ते म्हणाले. "इरजन लावलंय. इरजन लावल्यावर सारखं भांडं हलवून बघायचं नसतंय."