महेबूबचाचांची अमानत

महेबूबचाचांना बर्फ उघड्या हाताने धरायची खोड होती. दुकानात चिमटा टांगलेला असे, पण तो नावाला. "चिमट्याला काय कळतंय, बर्फ कवा रडाय लागला ते?" म्हणत ते तुकडा तळव्यावर पेलत आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात सोडत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, साहेबांच्या जीपा आल्या. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळाचं साल. यजमान नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, मी पहिलटकरीण, आणि पाचव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं आखूनच दिलं. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन, वरचेवर तपासणी, आणि दिवस भरायची वाट न बघता आधीच नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात भरती, कारण अशा बायकांचं मूल अंगानं मोठं होतं. देवणीला माहेरी बाळंतपण करायचा आईचा हट्ट त्यांनी एका वाक्यात मोडला. राहता राहिली इन्सुलिनची बाटली. ती गार ठेवायची होती. आळीत फ्रिज कोणाकडे नव्हता, आणि माठात प्यायलाच पुरेसं पाणी नसायचं.

समोरच चाचांचं दुकान. लाकडी पेटी, आत भुसा, वर गोणपाट. त्यांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. "ताई, अमानत हाय ही, तुमची ठेव. जीव गेला तरी खयानत न्हाई व्हायची."

मग रोज सकाळी ते बाटली घेऊन दारात येत. गार औषध टोचलं तर जास्त दुखेल म्हणून वाटेत मुठीत धरून ऊब देत. मी सुई टोचून घेईपर्यंत तोंड फिरवून उभे राहत आणि बाटली परत नेत. माझ्या सख्ख्या दिरानं एवढं केलं नसतं. तो डोहाळजेवणाला येऊन माझ्या वाटचे पेढे चापून गेला.

उन्हाळा चढला तसा पाण्यावाचून बर्फाचा कारखाना बंद पडू लागला. चाचांची झोप उडाली. अमानत गरम होऊ नये म्हणून त्यांनी कुल्फीवाल्यांची युक्ती केली, बाटलीभोवतीच्या बर्फात मीठ टाकलं. मिठानं गारवा कडक होतो. औषध पेटीत गोठून दगड होई आणि सकाळी बराच वेळ त्यांच्या मुठीत राहून विरघळे. गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं.

पुढच्या तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा मिठाचा उलगडा झाला. मूल फार मोठं दिसत होतं. ठरल्या दिवसाच्या आधीच मला नांदेडला नेऊन कळा सुरू केल्या. मुलगी झाली, खणखणीत रडली. पण खांदा अडकला होता, तो सोडवताना तिच्या उजव्या हाताची शीर ताणली गेली आणि हात लुळा पडला.

मूल आधीपासूनच मोठं होतं, मिठानंच असं झालं म्हणून कोणी सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ते चाचांना शंभरदा सांगितलं. ते नीट ऐकून घेत आणि दर वेळी एवढंच म्हणत, "ताई, मीठ मी टाकलं." त्यांच्या मनातली ती बोच मला काही केल्या काढता आली नाही, याची हळहळ अजून जात नाही.

आमची नंदा चालायला लागल्यावर चाचांनी तिला उजवा हात कपाळाला लावून करायचा आदाब शिकवला. रोज दुकानापुढे उभी करून म्हणत, "आदाब करा, बेगमसाहेब. कपाळापत्तुर!" हात छातीशी येऊन थांबे. पुढे हनुवटीशी येऊ लागला. चाचा मान वाकवून जवाब देत, तिच्या हातावर बर्फाचा खडा ठेवत आणि ती वळली की गोणपाटानं डोळे पुसत. हात नाकापर्यंत आला त्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन चाचा गेले.

त्यानंतरच्या ईदला शिरखुर्मा खायला आम्ही चाचींकडे गेलो. नंदा चाचींपुढे उभी राहिली. उजवा हात हळूहळू वर गेला आणि बोटं कपाळाला टेकली. चाचींनी तो हात तसाच कपाळावर धरून ठेवला. कोपऱ्यात ती बर्फाची पेटी रिकामी पडली होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "अजी, बघा. पोचला हात. आता तरी सोडा ते मीठ."