फाटकापाशी उभा तिसरा माणूस

बाबा गिरणीतून रिटायर झाले त्या वर्षी आम्ही घरातले सगळेच थकलेले होतो. बाबा छत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहून, आई त्यांच्या पाळ्यांमागे जागून, आणि मी वर्ध्याच्या शाळेत पोरांवर ओरडून, वर रोज दोनदा एसटीत लटकून. आता घरात नवीन काही यावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

तरी आलं. शेजारच्या किराणावाल्या शेठजींनी उन्हाळ्यात दुकानाचा माळा झाडला, त्यात इंग्रजांच्या काळातलं एक पोस्टकार्ड निघालं. त्यावर आमच्या गावच्या कापडगिरणीचं छापील चित्र होतं. धुरांडं, लांबलचक कौलं, आणि फाटकापाशी रांगेत उभे सात कामगार. “तुमच्या कामाचं आहे, काकाजी,” म्हणत शेठजींनी ते बाबांना देऊन टाकलं. मागे कुणा साहेबानं विलायतेतल्या बहिणीला लिहिलं होतं. धाडायचं राहून गेलं असावं. बाबांनी मला ते मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लावला. ऊन फार, आंबे बरे, खानसामा चोर. कामगारांबद्दल चकार शब्द नव्हता.

बाबांनी रांगेतल्या तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं. “हा माहा बाप व्हय.”

आजोबाही त्याच गिरणीत होते. बाबा रांगत होते तेव्हाच ते तापानं गेले. त्यांचा फोटो नव्हता. सर्वपित्रीला पाटावर एक सुपारी मांडायची, ते आमचे आजोबा. त्यांच्याबद्दल बाबांना जे काही ठाऊक होतं ते सगळं आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं सांगितलेलं. उंच होते, मिशा जाड, डावा खांदा जरा खाली. तिसऱ्या माणसाचा डावा खांदा खाली होता.

“दिवसभर उभं राहून कुणाचाही खांदा पडतो, बाबा.”

“तुले काय समजते, मास्तरीणबाई!”

झालं! कार्ड वर्ध्याच्या फोटो स्टुडिओत नेऊन द्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. त्या माणसाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. मोठं केल्यावर नुसता करडा डाग निघाला. स्टुडिओवाला म्हणाला, डोळे-नाक ब्रशनं काढून देतो, घरच्या कुणाला तरी पाठवा. बाबा गेले, समोर स्टुलावर बसले आणि आत्याकडून ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं की नाही, देव जाणे. पंधरा दिवसांनी काचेची फ्रेम घरी आली, तर त्यात पागोटं घालून आमचे बाबाच बसलेले! आईनं पदर तोंडाला लावला. मला हसूही येईना. बाबा मात्र हरखले होते. “पाहा, माह्यावानीच होता!”

तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आजोबांना पाहिलेलं जिवंत माणूस आता एकच, ते म्हणजे आत्या. ती ‘हो’ म्हणेपर्यंत फोटोला हार घालायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. तो कोनाड्यात तसाच उभा राहिला. ती नाही म्हणाली तर, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

सर्वपित्रीच्या सकाळी आत्या हिंगणीहून एसटीनं आली. पाय धुतले आणि तशीच फोटोपुढे उभी राहिली. बाबा तिच्यामागे हात बांधून उभे. तिनं बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरून पदर घेतला आणि खाली वाकली.

“हाओ बाबू. हाच.”

बाबा भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला लाज वाटली, त्या खांद्यावरून मी बोलले होते त्याची.

पितरांची पानं झाली. दुपारी आत्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसली होती. मला राहवलं नाही. “आत्या, खरंच ते आजोबा आहेत?”

“मले काय माईत, पोरी. मी पाच वर्साची होती. त्याचं तोंड मले आठवतच नाई.”

माझं डोकंच फिरलं. “मग त्या मिशा? तो खांदा?”

“तुहा बाप लहान होता, बापासाठी रडे. म्हून एक सांगितलं. तं दुसरं इचारे. साठ वर्सं झाली व, इचारूनच राह्यला. दर राखीले, दर दिवाईले. आता काई सुचत नाई मले. हा फोटो आला, बरं झालं. आता त्याच्याकडं पाहत बसन. मी सुटली.”

तिनं पदराची घडी उशाला घेतली आणि तिथंच फरशीवर आडवी झाली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात दारात बाबा आले. मघाच्या रडण्यानं त्यांचे डोळे अजून लाल होते.

“बाई,” ते आत्याला म्हणाले, “तोंड तं पाह्यलं. आवाज कसा होता व त्याचा?”

आत्यानं डोळे मिटून घेतले. मग हात टेकून हळूहळू उठून बसली.

“जाडा होता,” ती म्हणाली. “बस खाली. सांगते.”