भाऊंची अंधाराची तालीम

कोणाबद्दल चार शब्द लिहावेत इतका मी अजून शिकलेलो नाही. आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. जे चुकेल ते वाचकांनी पोटात घालावे. पण चांद्यातल्या माझ्या घरमालकांइतका विजेवर अविश्वास असणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल, एवढे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

त्यांचा एकुलता मुलगा नदीपलीकडच्या वीजघरात भट्टीत कोळसा टाकण्याच्या कामावर होता, म्हणून हौसेने गल्लीतला पहिला बल्ब त्यांच्याकडे लागला. त्या बल्बखाली भाऊ पेटता कंदील ठेवत. "ह्याचा काय भरोसा जी? तार तुटली का मेला!" काड्यापेट्या सर्दू नयेत म्हणून धानाच्या कोंड्यात पुरलेल्या, मोहाच्या बियांचे तेल मडक्यांत भरलेले, आणि अंधारात धरून जायला स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत दोरी बांधलेली. तिच्यावर बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, लुगडी वाळत घालत. मधूनच ऐन जेवणात भाऊ बटण बंद करून ओरडत, "गेली लाइन! चाला, आपापल्या कामाले लागा!" अशाच एका तालमीत मी तूप समजून दिव्याचे तेल वरणात ओतले. "खाय बापा," बाई म्हणाल्या, "पोटात उजेड पडन तं पास तरी होशीन."

मग त्या पावसाळ्यात पूर आला. वीजघरात पाणी शिरल्याची वार्ता आली, दिवे गेले. पूल पाण्याखाली, आणि कामावर गेलेला मुलगा पलीकडेच. मला वाटले, आता भाऊंची तयारी कामी येणार. आलीही. त्यांनी गल्लीभर तेल वाटले, काड्यापेट्या वाटल्या, कंदीलसुद्धा देऊन टाकला. घरात मात्र काही लावू देईनात. जन्मभर विजेला नावे ठेवणारा हा माणूस बटण चालू ठेवून त्या विझलेल्या बल्बखाली बसून राहिला.

"काऊन जी?" बाई चिडल्या. "साऱ्या दुनियेले उजेड वाटला, अन् म्या आंधळ्यावानी भाकर थापू?"

"आपुनच कंदील लावला, म्हणजे तो हरला असं होते," भाऊ हळूच म्हणाले. "पोट्टा भट्टी पेटवून राह्यला असन."

बाई अंधारातच भाकर थापायला बसल्या. शेजारी कंदील घेऊन चौकशीला आले, तर भाऊ म्हणत, "दूर ने बापा तो. बल्ब लागला तं समजन कसं?" पुस्तक मिटून मीही वर पाहत बसे.

पाणी उतरू लागल्यावर पलीकडून एक डोंगेवाला आला. तो दारातूनच म्हणाला, "भाऊ, पोट्टा खुशाल हाय. भट्टी विझली तवाच साऱ्यायले टेकडीवर नेलं. त्यानं सांगतलं, लाइन याले लय दिवस लागतीन. बुढ्याले म्हणा, वाट नोको पाहू, दिवा लावून जेव."