निंबाखालचा बाक

चैत्रात निंब फुलला, की त्या कडसर गोड वासासरशी मला धुळ्याच्या आमच्या चर्चच्या आवारातला एक रविवार आठवतो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, म्हणून पाळकांनी मला काम सांगितलं, की शाळेतली मोठी मुलं आणि गावात नवीन आलेली माणसं उपासनेला का येत नाहीत, ते जरा बघा. त्या रविवारी मी आत न जाता बाहेरच थांबले, तर सात-आठ पोरंपोरी निंबाखाली मातीत बसून आतल्या प्रत्येक गीताला सूर लावत होती. आत का येत नाही, असं मी विचारलं. सोनगीरकडून नुकतीच राहायला आलेली एक मुलगी म्हणाली, "आम्ही येतसच ना, अक्का. बठ्ठा गाणा पाठ शेतस." खरंच, बठ्ठा म्हणजे सगळी गीतं त्यांना पाठ होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे सांगितलं, तर त्यांनी आठवडाभरात निंबाखाली सागवानी बाक आणून ठेवला आणि त्याच्या पाठीवर 'तरुणांसाठी' असं रंगवूनही घेतलं. पुढच्या रविवारी पोरं आली, त्यांनी बाक वाचला आणि मुकाट्यानं आवाराच्या भिंतीशी जाऊन बसली. पाळकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. गीत सुरू झालं तसा भिंतीकडून सूर आलाच. आता मला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून उपासनेला मी त्या बाकावर बसते. माझ्या पाठीमागची अक्षरं पुसट झाली आहेत, आणि आताची पोरंही भिंतीशीच बसतात.